शिडीचा पाय आणि पेटंट: एकट्यानं काम करणाऱ्या संशोधकाला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. उंचसखल जमिनीवर शिडी सरळ उभी राहावी म्हणून आपोआप खालीवर होऊन जागच्या जागी अडकणारा पाय तुम्ही बनवला आहे. नोकरी सांभाळून, पदरमोड करून. आराखडे पाकिटात घालून रजिस्टर्ड पोस्टानं स्वतःच्याच पत्त्यावर पाठवलेत आणि पाकीट न फोडता जपून ठेवलंत. एक कंपनी एकरकमी पैसे घेऊन ‘जगभराचं पेटंट’ काढून द्यायला तयार आहे. तिला हो म्हणावं, की पेटंटच्या फंदातच पडू नये?

पाकिटाचं आधी उरकतो. त्याचा उपयोग जवळजवळ नाही. पेटंट कुणाला द्यायचं हे आधी कुणाला सुचलं यावर ठरत नाही, अर्ज आधी कुणी केला यावर ठरतं. मोठ्या देशांपैकी एकटी अमेरिका ‘आधी सुचलं’ याला मान देत होती. १६ मार्च २०१३ पासून तिथंही अर्जाची तारीखच चालते. तुमची कल्पना चोरून कुणी आपल्या नावावर अर्ज केला, असं सिद्ध करायची पाळी आली तर पोस्टाचा शिक्का पुराव्यातला एक कागद ठरेल, एवढंच. त्या कामाला तारीखवार वही, फोटो आणि सुट्या भागांची बिलं जास्त भरवशाची. आणि ‘जगभराचं पेटंट’ अशी वस्तू अस्तित्वातच नाही. ती विकणाऱ्या कंपनीकडे मी पुढं येतोच.

आता मुख्य मुद्दा. पेटंट म्हणजे वस्तू बनवायचा परवाना, असं बहुतेक जण धरून चालतात. तसं नाही. पेटंटनं तुम्हाला इतरांना रोखण्याचा अधिकार मिळतो, आणि तेवढाच मिळतो. समजा, सरकत्या नळीच्या पायाचं चालू पेटंट दुसऱ्या कुणाकडे आहे आणि तुम्ही त्याच नळीत आपोआप अडकणारी खिट्टी बसवलीत. खिट्टीवर तुम्हाला पेटंट मिळू शकतं. पण सरकती नळी त्याची आहे, म्हणून त्याच्या संमतीशिवाय तुम्ही तुमचाच पाय विकू शकत नाही. तोही तुमच्या संमतीशिवाय खिट्टी वापरू शकत नाही. दोघांनी एकमेकांना अडवलेलं असतं, आणि पुष्कळदा सौदा तिथूनच सुरू होतो.

म्हणून माझ्याकडे कुणी नवीन वस्तू घेऊन आलं की मी आधी ‘हे नवीन आहे का’ असं विचारत नाही. ‘तुम्ही कुणाला थांबवणार आहात?’ असं विचारतो. नावं लिहून काढा. शिड्या कोण बनवतं, ते पाय स्वतः ओततात की बाहेरून घेतात, सुटे पाय जोडसाहित्य म्हणून कोण विकतं, या कंपन्यांचे कारखाने कुठल्या देशांत आणि गिऱ्हाईक कुठल्या देशांत. यादीत पाच-सहा खरी नावं आली आणि त्यातल्या निदान एकीला तुमच्या पायानं फायदा होईल असं दिसलं, तर पेटंटचा विचार करण्यासारखा आहे. नाव एकही सुचलं नाही तर पेटंट ही महागडी तसबीर होईल. पेटंटचे अर्ज लिहिण्याच्या माझ्या व्यवसायाच्या मुळावर येणारा हा सल्ला मी बऱ्याच जणांना देतो, आणि थोडेच ऐकतात.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट आहे: गुपित म्हणून ही वस्तू टिकणार नाही. बाजारात पाय आला की कुणीही तो विकत घेऊन पाच मिनिटांत खोलेल. गुपित राखणं तिथं जमतं जिथं तयार मालावरून कृती कळत नाही, उदाहरणार्थ एखादी भट्टी किती तापवायची आणि कधी थंड करायची. तुमच्याकडे दोनच रस्ते: पेटंट घ्या, नाहीतर पेटंटविना वेगानं बाजारात उतरा आणि नाव कमवा. दुसरा रस्ता कमीपणाचा नाही. त्यावरून जाताना डिझाइन नोंदणी आणि ट्रेडमार्क स्वस्तात बरंच काम करून देतात. फक्त डिझाइन नोंदणी दिसण्याला संरक्षण देते, आतल्या करामतीला नाही, हे ध्यानात असू द्या.

पेटंटचा रस्ता मोकळा ठेवायचा असेल तर आजपासून तोंड बंद. कुणाला दाखवलंय का? व्हिडिओ टाकलाय का? शेजाऱ्याला वापरायला दिलाय का, विकलाय का? अर्जाआधी वस्तू लोकांसमोर आली की ती नवीन राहत नाही, मग ती तुम्ही स्वतःच का आणली असेना. अमेरिका आणि जपान संशोधकानं स्वतः केलेल्या प्रकटीकरणाला एक वर्षाची सवलत देतात (जपानात त्यासाठी वेगळा अर्ज जोडावा लागतो). युरोपात ती जवळजवळ नाहीच. विश्वासघातानं माहिती फुटली किंवा ठरावीक अधिकृत आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात मांडली, असे मोजके अपवाद आणि तेही सहा महिन्यांचे. भारतातही अपवाद मर्यादितच. लोकवर्गणीतून पैसे उभारण्याच्या मोहिमा इथं घात करतात: आधी झकास व्हिडिओ, मग ऑर्डरी, मग आठवण येते पेटंटची. तोपर्यंत अर्धं जग हातचं गेलेलं असतं.

नोकरीचं तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मला त्याचीच धास्ती जास्त वाटते. नेमणूकपत्र काढा आणि संशोधनाच्या मालकीचं कलम वाचा. तुम्ही कारखान्यात काय काम करता, पाय कामाच्या वेळेत बनवला का, तिथली यंत्रं, साहित्य, संगणक वापरला का, यावर बरंच अवलंबून असतं, आणि नियम देशागणिक वेगळे आहेत. काही करारांत घरी केलेलं कामही कंपनीच्या नावावर जातं. शंका असेल तर अर्जाआधीच कंपनीकडून ‘यावर आमचा हक्क नाही’ असं लेखी घ्या. पुढं पैसे दिसू लागले की तोच कागद मिळवणं दसपट कठीण होतं. मित्रानं वेल्डिंग करून दिलं असेल तर त्याचंही आताच मिटवा. नुसतं सांगितल्याप्रमाणे जोडून दिलं तर तो सहसंशोधक होत नाही. पण अडकवण्याची युक्ती त्याची असेल तर होतो, आणि मग त्याचं नाव वगळणं पेटंटच्या मुळावर येऊ शकतं.

आता शोध. ‘मी नेटवर पाहिलं, असं काही नाही’ हे वाक्य मी ऐकतो तेव्हा पाहणारा चुकीच्या ठिकाणी पाहत होता एवढंच मला कळतं. शिडी ही फार जुनी वस्तू आहे आणि उंचसखल जमीन त्याहून जुनी. काहीच सापडलं नाही तर शोध झालेला नाही असं समजा. युरोपियन पेटंट ऑफिसचं एस्पेसनेट, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचं पेटंटस्कोप आणि गूगल पेटंट्स ही तिन्ही फुकट आहेत. साध्या शब्दांनी सुरुवात करा, पण शब्दांवर थांबू नका, कारण पेटंटच्या भाषेत शिडीला ‘चढण्याचे साधन’ आणि पायाला ‘आधार देणारा घटक’ म्हणणारे महाभाग असतात. जवळचं एक पेटंट सापडलं की त्याच्या पहिल्या पानावरचा वर्गीकरण क्रमांक उचला. शिड्यांचा वर्ग ई०६सी. त्यात शिडीच्या पायांना स्वतंत्र उपगट आहे. त्या उपगटातली चित्रं एकामागून एक बघत जा; मजकूर नाही, चित्रंच. मग जवळच्या पेटंटनं आधीची कुठली पेटंटं उद्धृत केली आणि नंतर त्याला कुणी उद्धृत केलं, हे दोन्ही बाजूंनी धुंडाळा. दोन शनिवार-रविवार बसलात तर पेटंट एजंटला (अर्ज लिहून दाखल करणाऱ्याला) विचारायचे प्रश्न तुमचे तुम्हालाच सापडतील.

जे सापडेल ते पाहून हबकून जाऊ नका. वहीत रकाने पाडा: त्याचा पाय खाली कशानं सरकतो, अडकतो कशानं, सुटतो कसा, कशात कमी पडतो. आपलं वेगळेपण नेमकं कुठल्या रकान्यात आहे हे दिसलं की पुढचं सगळं सोपं होतं. साठ वर्षांपूर्वीचं पेटंट सापडलं तर त्यातल्या कल्पनेवर तुम्हाला नवीन पेटंट मिळणार नाही. पण ते केव्हाच संपलेलं असल्यामुळे त्यात दाखवलेला पाय त्याच्या मालकाला न विचारता बनवता येईल. पेटंटाबाहेरही बघा. जुने कॅटलॉग, बांधकामाची मासिकं, व्हिडिओ, सगळं धरलं जातं. एक भोक मात्र बुजवता येत नाही: अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतात, त्यामुळे गेल्या दीड वर्षात कुणी काय दाखल केलं हे कुणालाच दिसत नाही.

‘इतकी साधी गोष्ट, यावर पेटंट मिळेल का?’ असंही तुम्ही विचारलंय. साधेपणा आडवा येत नाही, आडवं येतं ते उघड असणं. ब्रिटनमध्ये मँडी हेबरमन यांनी लहान मुलांसाठी न सांडणारा पेला बनवला. ओठ लावून ओढलं की झडपेची चीर उघडते, सोडलं की मिटते. दुसऱ्या कंपनीनं तसाच पेला काढला आणि कोर्टात म्हणाली, यात काय मोठंसं, कुणालाही सुचलं असतं. १९९९ मध्ये निकाल हेबरमन यांच्या बाजूनं लागला. लहान मुलं पेले सांडत होती ती वर्षानुवर्षं, झडपाही सगळ्यांना माहीत होत्या, तरी एवढ्या मोठ्या बाजारात कुणाला हे सुचलं नव्हतं, याला न्यायालयानं वजन दिलं. तुमच्याकडेही असा पुरावा असेल तर जपून ठेवा: या अडचणीवर आजवर निघालेले उपाय, त्यांच्याबद्दलच्या तक्रारी, न खपलेली उत्पादनं.

आता क्लेम. पेटंटमधलं बाकी सगळं वर्णन आहे; हक्क असतो तो शेवटी क्रमांक घालून लिहिलेल्या वाक्यांत. पैसा वाचवायचा तर कुठेही वाचवा, इथं नको. पहिला मसुदा तुम्ही स्वतः लिहिलात तर तो बहुधा असा होईल: ‘ॲल्युमिनिअमची शिडी, जिच्या दोन्ही पायांना पोलादी स्प्रिंग, चार दात्यांची पट्टी आणि रबरी टाच आहे.’ वाचायला कसं भरभक्कम वाटतं. पण क्लेममधली प्रत्येक गोष्ट समोरच्याच्या वस्तूत असली तरच तो सापडतो. इथं प्रत्येक जास्तीचा शब्द म्हणजे स्वतःचंच कुंपण आत ओढणं. त्यानं फायबरची शिडी केली, सुटला. स्प्रिंग एकाच पायाला लावली, सुटला. दाते पाच केले तर तुम्ही भांडत बसाल आणि तो विकत राहील.

मी काय करतो, तर वस्तू टेबलावर ठेवून एकेका शब्दाला विचारतो: हे काढलं तर चालतं का? ॲल्युमिनिअम? चालतं, खोडा. रबरी टाच? पाय तरीही अडकतो, खोडा. स्प्रिंग? संशोधक क्षणभर घुटमळतो आणि म्हणतो, स्वतःच्या वजनानंही पाय खाली येईल की. खोडा. दाते? घर्षणानं पकडणारी पाचर लावली तरी चालेल. मग उरतं काय? शिडी जमिनीवर टेकवताना पाय मोकळा सरकतो, आणि माणूस चढून वजन पडलं की त्याच वजनानं तो अडकतो. बस. हा तुमचा शोध. बाकीचं लोखंड-रबर होतं.

आता उलट बाजू. हे वाक्य इतकं रुंद आहे की शोधात सापडलेलं एखादं जुनं पेटंट त्यात बसू शकतं, आणि तसं झालं की पहिला क्लेम कोसळतो. म्हणून रकाने बघून जेवढी भर अटळ आहे तेवढीच घालायची. त्याखाली पायरी पायरीनं अरुंद होत जाणारे क्लेम लिहायचे: दुसऱ्यात पाचर, तिसऱ्यात पाचरीचा कोन, चौथ्यात स्प्रिंग, पाचव्यात टाच. पुढं एक्झामिनरनं (पेटंट ऑफिसात अर्ज तपासणाऱ्यानं) किंवा कोर्टानं पहिला पाडला तरी तिसरा उभा राहू शकतो. आणखी एक बारकावा, जो नवखे लोक हमखास विसरतात: क्लेम ‘शिडीचा’ करायचा की ‘शिडीला जोडायच्या पायाचा’? तुमच्या यादीत सुटे पाय विकणारी कंपनी आहे ना? क्लेम पूर्ण शिडीचा असेल तर ती कंपनी शिडी विकतच नाही, शिडी जुळवतं तिचं गिऱ्हाईक. तिला धरायला मग आडवळणानं जावं लागतं. क्लेम नुसत्या पायाचा असेल तर ती सरळ सापडते. कुणाला थांबवायचं ते आधी ठरवा म्हणालो ते यासाठी.

वर्णनात मात्र कंजुषी नको. स्प्रिंगऐवजी काय काय चालेल, दात्यांऐवजी काय, पाय आतल्या नळीत की बाहेरून, सगळे पर्याय चित्रांसह टाका. ‘अडकवणारे साधन’ असा मोघम शब्द क्लेममध्ये वापरला तर अमेरिकेसारख्या ठिकाणी त्याचा अर्थ वर्णनात दाखवलेल्या साधनांपुरता आणि त्यांच्या समतुल्यांपुरताच धरतात. फसलेले प्रयोगही लिहा. कुठल्या कोनाला पाचर घसरली आणि कुठल्या कोनाला धरली, हा आकडा पुढं अख्खा अर्ज वाचवू शकतो. अर्ज दाखल झाल्यावर नवीन मजकूर घालता येत नाही.

हल्ली मंडळी एआयकडून लिहून घेतलेले मसुदे आणतात. भाषा ऐटबाज असते. पण पाचरीचा कोन कुठेच नसतो, कारण तो फक्त तुम्हाला माहीत आहे.

याच कारणानं ‘प्रोव्हिजनल टाकून ठेवा, स्वस्तात तारीख मिळते’ हा सल्ला अर्धवट आहे. प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता अर्ज. तो भारतात आहे, अमेरिकेत आहे, आणखीही काही देशांत आहे. त्यानंतर १२ महिन्यांत पूर्ण अर्ज करायचा. पण तारीख मिळते ती त्यात लिहिलेल्या गोष्टींपुरती. अमेरिकेत न्यू रेलहेड विरुद्ध व्हर्मीर हा २००२ चा निकाल आहे. खडक फोडणाऱ्या ड्रिलचं टोक त्याच्या मागच्या नळकांड्याशी कोनात बसवलेलं असणं हा शोधाचा गाभा होता, आणि तो कोन प्रोव्हिजनलमध्ये सांगितलेलाच नव्हता. त्यामुळे आधीची तारीख गेली. ती गेल्यावर पेटंटच्या मालक न्यू रेलहेड कंपनीनं मधल्या काळात स्वतःच विकलेली ड्रिलं तिच्याच विरुद्ध ‘आधीची माहिती’ ठरली आणि पेटंट रद्द झालं. तेव्हा प्रोव्हिजनल करा, जरूर करा, पण पूर्ण अर्ज समजूनच लिहा.

तारीख हातात आली की घड्याळ सुरू होतं. १८८३ च्या पॅरिस करारामुळे पहिल्या अर्जापासून १२ महिन्यांत दुसऱ्या सदस्य देशांत अर्ज केला तर तुमची मूळ तारीखच धरतात. एर्नो रुबिक यांनी आपल्या फिरत्या ठोकळ्याचा अर्ज १९७५ मध्ये हंगेरीत केला, पण बाहेरच्या देशांत मुदतीत अर्ज झाले नाहीत. ठोकळा जगभर गाजला तेव्हा हातात फक्त हंगेरीचं पेटंट होतं. नकला सुटल्या, आणि विकणाऱ्या कंपनीनं त्याला रुबिक यांचं नाव दिलं त्यामागे ट्रेडमार्क होऊ शकेल असं नाव हवं होतं हेही एक कारण होतं.

वर्षभरात निर्णय होत नसेल तर पीसीटी अर्ज, म्हणजे पेटंट सहकार्य कराराखालचा एकत्रित आंतरराष्ट्रीय अर्ज. ‘जगभराचं पेटंट’ म्हणून विकलं जातं ते बहुधा हेच. दीडशेहून जास्त देश यात आहेत, पण या अर्जातून पेटंट मिळत नाही. मिळतो शोध-अहवाल, पेटंटयोग्यतेवरचं लेखी मत आणि वेळ. पहिल्या तारखेपासून ३० महिन्यांपर्यंत (काही ठिकाणी ३१) देश निवडायचे आणि तिथं स्वतंत्र अर्ज, स्वतंत्र फी, लागेल तिथं भाषांतर. खरा खर्च इथं सुरू होतो. तोपर्यंत तुमच्याकडे अडीच वर्षं आहेत, ती लायसन्स घेणारा, म्हणजे पैसे देऊन तुमचं पेटंट वापरणारा, शोधण्यात घालवा. तुमच्या यादीतला कुणीच फिरकला नाही तर तिथंच थांबण्यात शहाणपण आहे. देश निवडताना राहतं घर बघू नका. प्रतिस्पर्ध्याचा कारखाना आणि मोठी गिऱ्हाइकी कुठे आहे ते बघा. दोन-तीन देश पुरतात.

परदेशात अर्ज करण्याआधी एक अडथळा: बऱ्याच देशांत रहिवाशांना आधी सरकारची परवानगी लागते. भारतात राहणाऱ्यानं पहिला अर्ज भारतात करून सहा आठवडे थांबायचं, नाहीतर लेखी परवानगी घ्यायची. हे मोडलं तर पेटंट जातंच, वर शिक्षेची तरतूद आहे. सरकारी फीची मात्र एकट्या माणसाला बरी सवलत असते. भारतात व्यक्तीला मोठ्या कंपनीच्या पाचव्या हिश्शाइतकी फी पडते, अमेरिकेत अटींत बसलात तर तेवढीच.

पहिला परीक्षण अहवाल येईल तो बहुतेक नकाराचाच. त्यानं खचू नका, एक्झामिनर सौदा सुरू करतोय असं समजा. त्यानं दाखवलेली जुनी पेटंटं एजंटवर सोडून न देता स्वतः वाचा. त्या पायात आणि तुमच्या पायात काय फरक आहे हे तुमच्याइतकं कुणालाच कळत नाही.

आता ती कंपनी. ‘तुमची कल्पना फार मोठी आहे’ असं फोनवर सांगणारे, आगाऊ पैसे घेणारे, मग कुठल्याही वस्तूला चालेल असा जाडजूड बाजार-अहवाल देणारे आणि त्यानंतर आणखी पैसे मागणारे, असा हा धंदा अमेरिकेत इतका बोकाळला की १९९९ मध्ये कायदा करावा लागला. त्यानुसार अशा कंपनीनं करार करण्याआधी गिऱ्हाइकाला लेखी सांगायचं असतं: गेल्या पाच वर्षांत किती कल्पना तपासल्या, त्यातल्या किती चांगल्या ठरवल्या आणि किती वाईट, आजवरच्या किती गिऱ्हाइकांना कंपनीला दिलेल्या पैशांपेक्षा जास्त कमाई झाली, किती जणांना लायसन्स मिळालं. तुम्ही कुठेही असा, हेच प्रश्न तुमच्या कंपनीला लिहून विचारा. उत्तर टाळलं तर विषय संपला. पैसे नोंदणीकृत पेटंट एजंटला द्या, जो यांत्रिक वस्तूंचे अर्ज लिहितो आणि पहिल्या भेटीत तुमच्या पायाची कौतुकं करण्याऐवजी तो खोलून बघतो. त्याचे दाखल केलेले जुने अर्ज मागून घ्या आणि त्यातला पहिला क्लेम वाचा.

उत्पादकाकडे जाताना गोपनीयतेचा करार मागून बघा. पण मोठ्या कंपन्या अनोळखी संशोधकाशी तो सहसा करत नाहीत, कारण तसलंच काही त्यांच्याही विभागात चालू असू शकतं. म्हणून आधी अर्ज, मग भेट. पहिल्या भेटीत परिणाम दाखवा, आतली यंत्रणा नको. आणि तोवर सुचलेल्या सुधारणाही भेटीआधीच अर्जात, किंवा अर्ज दाखल झाला असेल तर नव्या अर्जात, घाला. भेटीतल्या गप्पांत सुचलेल्या सुधारणेवरून पुढं ‘हे आमचंच होतं’ असे वाद झालेले मी पाहिलेत.

लायसन्सच्या करारात टक्केवारीवर सगळे घासाघीस करतात. माझ्या मते त्याहून मोलाची अट किमान वार्षिक रॉयल्टीची. एकाच कंपनीला सगळे हक्क दिले आणि तिनं वस्तू कपाटात टाकून दिली तर कितीही टक्के शून्याचे शून्यच. किमान रक्कम भरली नाही तर हक्क परत तुमच्याकडे, असं लिहून घ्या. रॉयल्टी कशावर, कारखान्याच्या दरावर की दुकानातल्या. कंपनीच्या हिशेबाच्या वह्या तपासायचा अधिकार. पेटंट चालू ठेवायची फी कोण भरणार. नक्कल झाली तर दावा कोण लावणार आणि खर्च कुणाचा. हे सगळं कागदावर. आणि किती वर्षं ते नीट बघा. स्टीफन किंबल यांचं स्पायडरमॅनसारखं हातातून फेसाचे धागे सोडणारं खेळणं होतं. १९९७ च्या तडजोडीत मार्व्हल या स्पायडरमॅनवाल्या कंपनीनं एक ठोक रक्कम आणि विक्रीवर ३ टक्के द्यायचं कबूल केलं, शेवटची तारीखच नाही. पेटंट २०१० मध्ये संपलं. २०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पेटंट संपल्यानंतरच्या वापरासाठी रॉयल्टी मागता येत नाही. सोबत ट्रेडमार्क किंवा गोपनीय माहितीचं लायसन्स वेगळं लिहिलं असतं तर त्यापोटी पुढंही पैसे घ्यायला वाट होती. तो निकालच तसं सांगतो.

आणि कुणी सरळ नक्कलच केली तर? तर दावा तुम्हालाच लावायचा असतो, पेटंट ऑफिस येत नाही. रॉबर्ट कर्न्स यांनी गाड्यांचे थांबून थांबून चालणारे वायपर बनवले, पेटंट १९६७ मध्ये मिळालं. फोर्डवर दावा १९७८ मध्ये लावला, पैसे मिळाले १९९० मध्ये, एक कोटी डॉलरच्या थोडे वर. पुढं क्रायस्लरकडूनही मोठी रक्कम मिळाली. पण बाकीच्या कंपन्यांवरचे दावे मुदती न पाळल्यानं फेटाळले गेले, कारण तोवर ते स्वतःच वकील होऊन लढत होते. ते हरले असं म्हणवत नाही, जिंकले असंही नाही. तुमची बाजू कितीही खरी असली तरी एकट्यानं शेवटपर्यंत लढायच्या तयारीनं पेटंट घेऊ नका. तगडा लायसन्सदार सोबत असला की नक्कल करणारा दोनदा विचार करतो, आणि त्यासाठीच तो आधी शोधायचा.

पेटंट मिळालं तरी ते अर्जाच्या तारखेपासून २० वर्षंच, आणि तेही फी भरत राहिलात तर. बऱ्याच देशांत ती दरवर्षी भरायची असते आणि वर्षागणिक वाढत जाते; अमेरिकेत मंजुरीपासून साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी. प्रत्येक वेळी ती सुरुवातीची यादी काढा. ज्या देशात आता थांबवण्यासारखं कुणी उरलं नाही तिथलं पेटंट सोडून द्या. भावनेपोटी फी भरणारे मी पुष्कळ पाहिले. जिथलं ठेवायचं तिथली तारीख एजंटच्या वहीत आणि तुमच्या स्वतःच्या फोनवर, दोन्हीकडे असू द्या. चुकलीच तर सहसा जादा शुल्क भरून सहा महिन्यांची सवलत मिळते.